प्रवेश नेमका कोण देतं?

मी निवृत्त गणित शिक्षक. दर पावसाळ्यात कोरेगावला आमच्या ओसरीवर बारावी झालेली मुलं आणि त्यांचे पालक जमतात. अभियांत्रिकीचा पसंतीक्रम तपासून हवा असतो. पहिला प्रश्न ठरलेला : ‘सर, सांगलीचं वालचंद आमच्या पोराला घेईल का?’

कॅपच्या जागांवर वालचंद कोणाला घेतही नाही, नाकारतही नाही, हे उत्तर कुणाला पटत नाही. अमेरिकेत हार्वर्डसारख्या विद्यापीठात प्रवेश समिती बसते. गुणांबरोबर निबंध, शिक्षकांची पत्रं, घरची परिस्थिती वाचून माणसं निर्णय घेतात. आपल्याकडे सांगलीचं वालचंद (1947) असो की कराडचं शासकीय अभियांत्रिकी (1960), केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या जागा राज्य सीईटी कक्षाच्या संगणकावर वाटल्या जातात. मुलाचा चेहरा कोणी पाहत नाही.

असं का, याचं उत्तर आपल्याच भागात सापडतं. 1983 साली सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. परराज्यात जाणारी मुलं इथंच शिकू लागली; पण त्याबरोबर देणगीही आली. 1987 मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. निर्णय माणसाच्या हाती असला की तो हात पुढे येतो, हा अनुभव गाठीशी होता. म्हणून आपण आकड्यावर विश्वास टाकला.

तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल, टक्केवारी नव्हे. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून तुमच्या सत्रातले किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुणांचे, हे मोजतात. दहा हजारांत असे साडेनऊ हजार असतील, तर पर्सेंटाइल 95. गणिताचा प्रश्न दोन गुणांचा, भौतिक-रसायनचा एक. पर्सेंटाइल सारखं आलं तर गणित आधी पाहतात.

पुढचं वाटप नाटकाच्या तिकीट खिडकीसारखं चालतं. रांग गुणवत्ता क्रमांकाची. प्रत्येकाच्या हातात हव्या त्या खुर्च्यांची यादी. पाळी आली की यादीतली वरून पहिली रिकामी खुर्ची मिळते. आरक्षणाच्या जागाही याच शिस्तीत भरतात. तुमच्या यादीत वालचंद दुसरं असो की विसावं, मागच्या क्रमांकाचा मुलगा तुमच्या पुढे जात नाही. म्हणजे अवघड महाविद्यालय वर लिहिल्यानं खालचं हातचं जात नाही. मात्र पहिली पसंती मिळाली की जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्या बंद. 2025 मध्ये चार फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम होता.

हे सगळं ठाऊक असून मी चुकलो. त्याच वर्षी बहिणीच्या नातीचा अर्ज माझ्यासमोर भरला गेला. तिला वालचंदला स्थापत्य हवं होतं. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून मी म्हणालो, ‘बाळ, मिळणारं आधी लिही.’ तिनं घराजवळचं एक महाविद्यालय पहिलं लिहिलं, वालचंद दुसरं. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली आणि दार बंद झालं. यादी लागली तेव्हा दिसलं, तिच्या प्रवर्गातली वालचंदची शेवटची जागा तिच्या मागच्या क्रमांकाला गेली होती. ती एवढंच म्हणाली, ‘आजोबा, मी तर विचारलं होतं.’

आकड्याला खूप काही दिसत नाही. जतची मुलगी क्लासशिवाय शिकली की साताऱ्याचा मुलगा दोन वर्षं कोटा राहून आला, हे पर्सेंटाइल सांगत नाही. समितीला ते दिसू शकतं. पण तिला वशिलाही दिसतो. आपण एक आंधळेपण पत्करून दुसरं टाळलं आहे.

या साऱ्या यंत्रात मुलाच्या इच्छेला एकच जागा उरते : पसंतीक्रमाचा अर्ज. ती मी भीतीनं भरली. आता ओसरीवर आलेल्या पालकांना मी आधी चहा देतो आणि कागद मुलाच्या हातात देतो. मनात असेल त्याच क्रमानं लिही, म्हणतो. कटऑफची यादी त्यानंतर काढायची. तीही यादी खाली वाढवण्यासाठी, वरची नावं खोडण्यासाठी नाही.