घड्याळाशी शर्यत आणि वजनाचा न्याय

टाइम अटॅकमध्ये गाड्या एकमेकींना भिडत नाहीत. प्रत्येकीची सर्वांत कमी वेळेची फेरी मोजतात. मग महागडी गाडीच जिंकणार नाही का? अमेरिकेतील नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनच्या, हौशी चालकांसाठीच्या टाइम ट्रायलच्या नियमावलीत मला याचे उत्तर सापडले. तिथे किंमत पाहत नाहीत. चालकासह गाडीच्या वजनाला अश्वशक्तीने भागतात. ३००० पौंड, ३०० अश्वशक्ती म्हणजे भागाकार १०, वर्ग टीटी-३. २८०० पौंड, २०० अश्वशक्ती म्हणजे १४, वर्ग टीटी-५. टायर आणि इतर फेरफारांनुसार आकडा सुधारतात. शक्ती डायनो यंत्रावर आणि वजन काट्यावर सिद्ध करावे लागते. त्यामुळे साधी, जुनी गाडीही बरोबरीच्या गाड्यांतच मोजली जाते आणि निकाल बराचसा चालकाच्या हातावर ठरतो.