बिनबियांचे कलिंगड

दिल्लीतील पुसा येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या एका कलिंगडाचे नाव ‘पुसा बेदाना’ असे आहे. मराठी वाचकास येथे द्राक्षाचा बेदाणा आठवेल. परंतु बेदाना म्हणजे ज्यात दाणा, अर्थात बी, नाही ते.

साध्या कलिंगडाच्या पेशीत ११ गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. कोवळ्या रोपाच्या शेंड्यास कॉल्चिसिन लावले असता पेशीचे विभाजन अर्ध्यावर थांबते व संच दुणावतात. (हे विषारी द्रव्य आपल्याकडील कळलावीतही असते.) अशा ४४ गुणसूत्रांच्या वेलीस बी कमी धरते, पण धरते, कारण सम संचांची दोन वाटे होऊ शकतात. तिच्या फुलावर साध्या वेलीचा पराग घातला की मिळणाऱ्या बियांत तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे येतात. तिघांची जोडी जमावी कशी? त्या बियांपासून वाढणाऱ्या वेलीचे पराग व बीजांडे बहुधा वांझ निघतात आणि फळात बियांऐवजी मऊ, पांढरी, पोकळ टरफले राहतात. तरीही फळ धरण्यास परागाची चेतना लागतेच. म्हणून शेजारी साधी कलिंगडे लावावी लागतात.

शेतकऱ्यास मात्र या फळातून पुढील हंगामाचे बी राखता येत नाही. ते दरवर्षी दोन्ही मूळ वाणांचा संकर करूनच तयार करावे लागते.