जुन्या किटमधला लिबरेटर

ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९६३ मध्ये बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या अमेरिकी बॉम्बर विमानाचे १/७२ प्रमाणातले प्लॅस्टिक किट काढले. ते आज जोडायला घेतले की त्याचे वय लपत नाही. पंखांवर आणि धडावर रिव्हेटचे टपोरे दाणे उठलेले असतात, पत्र्यांचे जोड कोरण्याऐवजी उंचावलेल्या रेघांनी दाखवलेले असतात, काचा जाड असतात आणि कॉकपिटमध्ये जेमतेम दोन खुर्च्या व वैमानिक असतात. अशा किटवर हौशी माणूस हमखास बाजारातले सुटे भाग चढवायला लागतो. माझे म्हणणे वेगळे आहे. जुने किट जरूर सुधारावे, पण प्रत्येक सुधारणेमागे पुरावा असावा आणि काम आकार, तोल, पृष्ठभाग, खुणा या क्रमाने व्हावे. क्रम मोडला तर मेहनत दिसते, विमान दिसत नाही.

आकाराची परीक्षा पट्टीने घेता येते. खऱ्या लिबरेटरच्या पंखांची एकूण लांबी ११० फूट, म्हणजे सुमारे ३३.५ मीटर. तिला ७२ ने भागले की मॉडेलवर ४६६ मिलिमीटरच्या आसपास माप यायला हवे. धड सुमारे २०.५ मीटरचे, म्हणजे मॉडेलवर २८५ मिलिमीटरच्या जवळ. हाच भागाकार उलटा केला की कशावर वेळ घालवायचा तेही कळते. पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड राहिली, तर खऱ्या विमानावर ती सात सेंटिमीटरांहून जाड ठरेल. अर्ध्या मिलिमीटरचा रिव्हेट म्हणजे ३६ मिलिमीटरचे, जवळजवळ लिंबाएवढे डोके. म्हणून मागच्या कडा आतून घासून पातळ करणे आणि रिव्हेट उतरवणे ही कामे आधी. खुर्चीचे पट्टे नंतर आले तरी चालतात, कारण एका हाताच्या अंतरावरून नजरेला आधी कडा आणि बाह्यरेषा जाणवतात.

तोलाचे काम धड चिकटवण्याआधीच उरकावे लागते. लिबरेटरला नाकाखाली चाक आहे, त्यामुळे नाकात पुरेसे वजन नसले तर मॉडेल शेपटीवर बसते. सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडावेत, मुख्य चाके येतात त्या रेषेवर मॉडेल बोटांनी तोलावे आणि नाक खाली झुकेपर्यंत कॉकपिटच्या जमिनीखाली शिशाचे छर्रे भरावेत. पृष्ठभागाची पाळी त्यानंतरची. उंच रेघा घासून टाकण्याआधी त्यांच्याच कडेने जाड चिकटपट्टी लावून सुईने नवी रेघ कोरावी, म्हणजे जोडाची जागा हरवत नाही. मग सांध्यांत पुट्टी भरून, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने सगळे सपाट करावे. सुईचा हात हलका हवा. कोरीव रेघही रुंद झाली की रिव्हेटचीच चूक उलट्या बाजूने होते.

खुणा आणि रंगांच्या बाबतीत पुराव्याची खरी कसोटी लागते, आणि इथे भारताचा थेट संबंध येतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला बरेच लिबरेटर पुन्हा वापरता येऊ नयेत अशा अवस्थेत टाकून दिले होते. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्यांतली अनेक विमाने उड्डाणयोग्य केली, ती बंगळूरला नेऊन पूर्ण दुरुस्त केली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाच्या ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती वापरायला घेतली. पुढे पुण्यातूनही हे लिबरेटर उडाले आणि सागरी टेहळणीवर १९६८ पर्यंत टिकले. भंगारातून उभ्या राहिलेल्या विमानांत तपशील एकसारखे असतील असे गृहीत धरता येत नाही. शिवाय १९५० पूर्वी हवाई दलाच्या गोल चिन्हात अशोकचक्र होते, नंतर केशरी, पांढरा व हिरवा हे रंग आले. म्हणून आधी एकच विमान आणि त्याचे साल ठरवावे, त्या काळातले छायाचित्र शोधावे आणि मग डेकल, म्हणजे चिकटवायच्या छापील खुणा, निवडाव्यात. खोक्यातला सूचनेचा कागद हा पुरावा नव्हे. दिल्लीत पालमच्या संग्रहालयातला लिबरेटर किंवा १९७४ मध्ये भारताने ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला दिलेला लिबरेटर आकार आणि रचना पाहण्यासाठी उत्तम. पण संग्रहालयात विमाने नव्याने रंगवली जातात, म्हणून रंगाबद्दल त्यांची साक्ष जपूनच घ्यावी.

यावर पहिला आक्षेप असा, की हासेगावासारख्या कंपन्यांनी पुढे याच विमानाची कितीतरी रेखीव किट काढली, मग जुन्याशी झगडायचे कशाला? शेल्फवर अचूक लिबरेटर एवढेच हवे असेल तर नवे किट घ्यावे, हे मला मान्य आहे. पण नव्या किटमध्ये संशोधन दुसऱ्याने करून ठेवलेले असते. जुन्यातली प्रत्येक चूक आपल्याला आराखडा, छायाचित्र आणि पट्टी यांच्याकडे वळवते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुने किट हा स्वतःच इतिहास आहे, त्याचे रिव्हेट घासणे म्हणजे त्या काळच्या साचेकारांचे काम पुसणे. दुर्मीळ, न उघडलेल्या खोक्याला हे लागू पडते आणि ते जपलेच पाहिजे. पण हे किट वर्षानुवर्षे पुनःपुन्हा बाजारात आले आहे. त्यातले एक उघडल्याने त्या इतिहासाला धक्का बसत नाही. तिसरा प्रश्न थांबायचे कुठे हा. माझे उत्तर असे, की जिथे पुरावा संपतो आणि अंदाज सुरू होतो, तिथे हात थांबवावा. बंद दारांच्या आड न दिसणारा बॉम्बकक्ष अंदाजाने भरण्यापेक्षा तोच वेळ पंखाच्या कडेला द्यावा.

तेव्हा जुने किट हाती आले तर सुटे भाग मागवण्याआधी एक वही करावी. खरी मापे, त्यांचा ७२ ने केलेला भागाकार, निवडलेल्या विमानाचे साल आणि छायाचित्रात प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टी तीत लिहाव्यात. किटमध्ये काय बदलायचे याची यादी त्या वहीतूनच निघते. साठ वर्षांपूर्वीच्या साच्यातून निघालेले विमान तेव्हाच खऱ्या विमानाबद्दल विश्वासाने काही सांगू शकते.