आधी अंग बोलतं

परभणी जिल्ह्यात, जिंतूर किंवा पालमकडच्या एखाद्या दवाखान्यात ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगणारा विरळाच. झोप नाही, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. फार तर ‘टेन्शन आहे’. यात खोटं काही नाही. ताण लांबला की झोप तुटते, स्नायू आखडतात. शिवाय वेदना आणि मनःस्थिती सांभाळणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणा बऱ्याच अंशी एकच आहेत. सलाइन होतं, शक्तीच्या गोळ्या होतात, गुण येत नाही. समुपदेशकाची पाळी आली तर त्यानंतर.

बहुतेकांची ती येतच नाही. ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरांतल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. लोक लाजतात, असं आपण म्हणून मोकळे होतो. मला ते अर्धंच पटतं. सोयाबीन काढणीत रोज बुडवून, गाडीभाडं भरून जिल्ह्याला जायचं, आणि तिथं नेमकं काय करतात तेही ठाऊक नाही! अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं समुपदेशन गावातच नेलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. परभणीसह १४ जिल्ह्यांत २०१५ पासून राबवलेल्या सरकारी ‘प्रेरणा’ प्रकल्पातही हाच धागा होता: आशाताईंनी घरी येऊन विचारायचं.

आणि समुपदेशनात करतात काय? गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. समुपदेशक मानसतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका. खचलेला माणूस पारावर जाणं सोडतो, भजन सोडतो, लेकीला फोन करत नाही. त्यामुळे बरं वाटण्याच्या जागाच आटतात, आणि तो आणखी खचतो. बैठकीत यातलंच एखादं लहान काम ठरवायचं आणि मन लागण्याची वाट न पाहता करायचं. पुढच्या वेळी काय झालं ते बोलायचं. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के.

कर्ज बैठकांनी फिटत नाही, आणि आजार तीव्र असेल तर औषधं लागतात. पण जीव नकोसा झाला असेल तर कुणी दारात येण्याची वाट पाहू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि पलीकडे मराठीत बोलता येतं.