साध्या मजकुराच्या नोंदी आणि मराठी लिपी : वापरकर्ता व विकसक यांच्यातील न संपलेली चर्चा

प्रस्तावना

अध्यापकाच्या संगणकात अनेक प्रकारच्या प्रणाली असल्या तरी व्याख्यानाची टिपणे, बैठकीतील मुद्दे, एखाद्या ग्रंथातून उतरवून घेतलेला संदर्भ अशा नोंदींसाठी 'नोटपॅड'सारखे साधे साधन आजही हाताशी घेतले जाते. साध्या मजकुरात अक्षरांच्या संकेतांकांखेरीज काहीही नसते. फाँट, रंग, अक्षराचा आकार, मजकूर कोणत्या भाषेत आहे याची नोंद, यांपैकी कशालाही तेथे जागा नाही. त्यामुळे अशी फाईल लहान असते, कोणत्याही यंत्रावर उघडते आणि ती तयार करणारी प्रणाली नामशेष झाली तरी वाचता येते, असे मानले जाते. रोमन लिपीपुरते हे विधान खरे आहे. मराठीच्या बाबतीत ते कोठे अडखळते आणि वापरकर्त्याच्या तक्रारीला विकसकाकडून समाधानकारक उत्तर का मिळत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

साठवणीचा प्रश्न

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी टंकलेखन 'श्रीलिपी', 'शिवाजी' किंवा सी-डॅकच्या फाँटवर चालत असे. या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन संकेतांकांचाच असे. त्यांना देवनागरीचे रूप फाँट देत असे. असा मजकूर नोटपॅडमध्ये उतरवताच फाँट गळून पडे आणि निरर्थक रोमन अक्षरांची रांग समोर येई. वापरकर्ता म्हणे, 'मजकूर बिघडला.' विकसक म्हणे, 'मजकूर आहे तसाच आहे.' दोघांचेही म्हणणे बरोबर होते.

युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या. विंडोज २००० पासून प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा फाँट उपलब्ध झाला. तथापि नोटपॅडची मूळ साठवणपद्धती अनेक वर्षे 'आन्सी' हीच राहिली. मराठी नोंद त्या पद्धतीत साठवताना एक इशारा दिसे. तो न वाचता संमती दिली की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटे. येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. यूटीएफ-८ मध्ये साठवलेली फाईल चुकीच्या पद्धतीने उघडली तर विचित्र चिन्हे दिसतात, परंतु मूळ बाइट शाबूत असतात आणि योग्य पद्धत निवडल्यास मजकूर परत मिळतो. प्रश्नचिन्हे झालेली नोंद मात्र कायमची गेलेली असते, कारण फाईलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हे साठवली जातात. २०१९ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ ही मूळ पद्धती झाली. तोपर्यंत किती टिपणे गेली, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

'अक्षर' म्हणजे काय?

परभणी जिल्ह्यातील नृसिंह मंदिरामुळे परिचित असलेल्या पोखर्णी या गावाचे नाव उदाहरणादाखल घेऊ. वाचणाऱ्याला त्यात 'पो', 'ख', 'र्णी' अशी तीन अक्षरे दिसतात. संगणकात मात्र प, ओकार, ख, र, हलन्त, ण आणि दीर्घ वेलांटी असे सात संकेतांक असतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन याप्रमाणे २१ बाइट होतात. आता शब्दाच्या शेवटी 'बॅकस्पेस' दाबल्यास काय पुसले जावे? बऱ्याच साधनांत केवळ वेलांटी जाते. उलट बाजूने 'डिलीट' दाबल्यास मात्र संपूर्ण जोडाक्षर जाते. एका वापरकर्त्याला पहिली गोष्ट दोष वाटते, दुसऱ्याला दुसरी. युनिकोडच्या अक्षरगट ठरवण्याच्या सर्वसाधारण नियमानुसार या नावाचे 'पो', 'ख', 'र्', 'णी' असे चार गट होत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीतील जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला आणि संख्या तीन झाली. ज्या प्रणालीने नवा नियम स्वीकारलेला नाही तेथे ती अद्याप चारच आहे.

याहून गंभीर प्रश्न अर्ध्या 'र'चा आहे. 'आचार्यांचे मानधन' आणि 'आचाऱ्यांचे मानधन' यांतील फरक स्नेहसंमेलनाचा हिशेब ठेवणाऱ्यास सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या शब्दातील 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिता येतो. ऱ, हलन्त, य हा पहिला प्रकार. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ'ची सोय शिफ्टसह केलेली आहे. र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य हा दुसरा. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु शोध घेताना एक दुसऱ्यास सापडत नाही. एखाद्या प्रणालीने अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकली, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या आचाऱ्यांचे निमूटपणे आचार्य होतात! 'ॲ'ची स्थितीही अशीच आहे. २००८ मध्ये त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्यापूर्वीच्या नोंदींत 'अ' आणि अर्धचंद्र असे दोन संकेतांक आहेत. ही दोन रूपे युनिकोडच्या समरूपीकरणात एक मानली जात नाहीत, आणि एकदा ठरलेले समरूपीकरण बदलायचे नाही असे युनिकोडचे धोरण असल्याने पुढेही मानली जाण्याचा संभव नाही. म्हणजे शोधाच्या वेळी दोन्ही रूपे जुळवून घेण्याचे काम नोंदींचे साधन लिहिणाऱ्यावरच येते, आणि मराठी न जाणणाऱ्या विकसकाला त्याची गरजच जाणवत नाही.

तक्रारीची भाषा

'जोडाक्षर तुटते' एवढ्या तक्रारीवरून विकसकाला फारसा बोध होत नाही. कळफलकाने चुकीचा क्रम पाठवला असेल, साठवताना चिन्ह गळाले असेल, विंडोजमधील 'युनिस्क्राइब' किंवा अन्यत्र वापरले जाणारे 'हार्फबझ' या जोडाक्षर घडवणाऱ्या यंत्रणेत दोष असेल, अथवा फाँटमध्ये ते रूपच नसेल. नोंदींचे साधन लिहिणारा विकसक यांपैकी बहुधा एकही भाग स्वतः लिहीत नाही. म्हणून तक्रार एका दारावरून दुसऱ्या दारी जाते, आणि वापरकर्ता त्याला टाळाटाळ समजतो. त्यात मराठी शब्द तक्रारीत उतरवतानाच बदलण्याची शक्यता असते. शब्दाचे चित्र आणि संकेतांकांचा क्रम आकड्यांत दिल्यास बहुतेक वेळा दोष कोठे आहे ते कळते. हे कौशल्य भाषेच्या अध्यापकांस अवघड नाही; संकेतांकांचा क्रम हा वर्णविग्रहाच्या जवळचाच प्रकार आहे.

काही तक्रारींना मात्र साध्या मजकुरात उत्तरच नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची रूपे प्रमाण मानण्यात आली. युनिकोडमध्ये मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांचा संकेतांक एकच आहे. वेबपृष्ठावर मजकुराची भाषा नोंदवता येते आणि तशी सोय असलेला फाँट त्यानुसार रूप बदलतो. साध्या नोंदीत भाषेची खूण ठेवण्यास जागाच नसल्याने वाचणाऱ्याच्या यंत्रावरील फाँट जो 'ल' देईल तोच पडद्यावर दिसतो.