अन्नातील रोगजंतूंची मोजदाद

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. विदर्भात लग्नसराईचे दिवसही तेच. सकाळी दहाच्या सुमारास शिजलेला भात, वरण आणि भाजी शेवटची पंगत उठेपर्यंत मोठमोठ्या गंजांत तशीच राहते. तिला वास येत नाही, चवही बदलत नाही. रात्री मात्र गावात उलट्या-जुलाबाचे रुग्ण दिसू लागतात आणि दुसऱ्या दिवशी वैद्यकीय पथक येते, तेव्हा उरलेले अन्न उकिरड्यावर गेलेले असते. कशामुळे घडले, या प्रश्नाचे उत्तरही त्याच्याबरोबर गेलेले असते. हे उत्तर प्रयोगशाळा कसे शोधते आणि तिला गावाचे कोणते साहाय्य लागते, हे लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

संख्येला महत्त्व का?

अन्नात थोडेफार जीवाणू असतातच आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. धोका ठरतो तो जीवाणूंच्या जातीवर आणि संख्येवर. अनुकूल उष्णतेत ई. कोलायसारखा जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एका जीवाणूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जीवाणू होतात. म्हणून सकाळी निर्धोक असलेले अन्न संध्याकाळी धोकादायक ठरू शकते.

शालेय पोषण आहाराचे वाटप होण्यापूर्वी शिक्षकांनी त्याची चव घेण्याची पद्धत आहे व ती योग्यच आहे. परंतु करपलेले, आंबलेले वा खारट अन्न जिभेला कळते. साल्मोनेला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

नागपूरची परंपरा

जंतूंच्या मोजणीचे शास्त्र नागपूरला नवे नाही. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ साली येथे स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, या नावाने ओळखली जाते. पिण्याच्या पाण्याची शुद्धता हा तिच्या कार्याचा एक प्रमुख विषय राहिला आहे. अन्न व पाण्याचे नमुने तपासणारी शासनाची प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळाही याच शहरात आहे. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ताज्या फळांच्या व भाज्यांच्या रसांचा जीवाणुशास्त्रीय अभ्यास नागपुरातील संशोधकांनी केला असून तो २००९ साली प्रसिद्ध झाला.

डोळ्यांना न दिसणारे कसे मोजतात?

रीत मुळात सोपी आहे. दहा ग्रॅम अन्न नव्वद मिलिलिटर निर्जंतुक द्रवात घोटतात. त्यातील एक भाग नऊ भाग द्रवात मिसळून पुन्हा दहापट पातळ करतात आणि असे अनेकदा करतात. मग प्रत्येक पातळीचा ठराविक थेंब पोषक द्रव्ययुक्त अगारच्या बशीत घालून ती उबदार पेटीत ठेवतात. अगार म्हणजे समुद्रशैवालापासून मिळणारा, आपल्याकडे ‘चायना ग्रास’ म्हणून विकला जाणारा पदार्थ. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत तो १८८१ च्या सुमारास आला, तो फॅनी हेस या गृहिणीच्या सूचनेवरून. जेली घट्ट करण्यासाठी त्या तो स्वयंपाकघरात वापरीत असत.

बशीत पडलेला प्रत्येक जिवंत जीवाणू वाढून एक ठिपका, म्हणजे वसाहत, तयार होते. साधारणतः तीस ते तीनशे ठिपके असलेली बशी मोजणीस विश्वसनीय मानतात. समजा, दहा हजारपट पातळ केलेल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमधून ८४ ठिपके उगवले, तर मूळ अन्नाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ८ लाख ४० हजार जीवाणू होते.

विष्ठेतून येणाऱ्या जीवाणूंसाठी नळ्यांची पद्धतही वापरतात. कोणत्या पातळीच्या किती नळ्यांत वायू तयार झाला, यावरून तक्त्याच्या आधारे संभाव्य संख्या काढतात.

जात ओळखण्याची कसोटी

प्रत्येक रोगजंतूसाठी वेगळे माध्यम असते. साल्मोनेलाच्या वसाहती विशिष्ट लाल माध्यमावर मध्यभागी काळ्या दिसतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या वसाहती त्याच्या माध्यमावर काळ्या, चकचकीत असून भोवती स्वच्छ वलय असते. या तपासण्यांच्या रीती आयएस ५८८७ या भारतीय मानकाच्या निरनिराळ्या भागांत दिल्या आहेत. साल्मोनेलाची मात्र केवळ मोजणी पुरेशी नसते; अनेक तयार खाद्यपदार्थांच्या २५ ग्रॅम नमुन्यात तो मुळीच आढळू नये, असा दंडक आहे. नमुन्यातील मोजके, दुबळे जंतू आधी पोसून वाढवावे लागतात, मग निवडावे लागतात, शेवटी त्यांची खात्री करावी लागते. म्हणून या अहवालास चार-पाच दिवस लागतात. तो विलंब हलगर्जीपणाचा नसतो.

अहवाल वाचतानाही विवेक हवा. स्टॅफिलोकॉकस वाढून त्याने विष तयार केले आणि नंतर अन्न पुन्हा उकळले, तर जंतू मरतात. विष मात्र टिकून राहते. संख्या अल्प असूनही बाधा होऊ शकते ती अशी. म्हणून कोणी काय खाल्ले, केव्हा खाल्ले आणि किती तासांनी त्रास सुरू झाला, याची नोंद अहवालाइतकीच मोलाची ठरते.

गावाची जबाबदारी

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला आणि १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा त्याने घेतली. कायदेशीर नमुना घेण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचा आहे. परंतु ते पोहोचेपर्यंत अन्न जपून ठेवणे गावाच्याच हाती असते.

विषबाधेची शंका येताच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. उरलेले अन्न कोणी खाऊ नये, तसेच ते फेकूही नये. उकळून घेतलेल्या चमच्याने ते निर्जंतुक, घट्ट झाकणाच्या भांड्यात घ्यावे. भांडे बर्फाच्या पेटीत ठेवावे, पण अन्न गोठू देऊ नये. पदार्थाचे नाव, शिजवल्याची व वाढल्याची वेळ त्यावर लिहावी. दुधाच्या रासायनिक तपासणीसाठी नमुन्यात फॉर्मॅलिन घालतात. जीवाणू तपासणीच्या नमुन्यात ते कदापि घालू नये. त्याने जंतू मरतात आणि दूषित अन्न कागदावर निर्दोष ठरते.

रोजच्या व्यवहारात मात्र खरा उपाय स्वयंपाकघरातच आहे. हात व भांडी स्वच्छ असावीत, पाणी शुद्ध असावे, अन्न शिजल्यावर लवकर वाढावे आणि थांबावे लागल्यास ते ६० अंशांहून अधिक गरम ठेवावे. प्रयोगशाळा जंतू मोजू शकते. ते वाढू न देणे हे स्वयंपाक करणाऱ्यांच्या आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्यांच्याच हाती आहे.