चाकाची खुर्ची : माप, घर आणि घरकाम



या पानावर आम्ही बेणे, लागण, खत, पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण सभासदाच्या घरातलाच आहे. झाडावरून वा विहिरीत पडणे, गाडी उलटणे, रस्त्यावरचा अपघात, यांत पाठीचा कणा दुखावून कमरेखालचे अंग गेलेली माणसे आपल्या गावांत आहेत. ऊसनोंदीसाठी फिरताना आम्हांस काही घरी एकच चित्र दिसते : चाकाची खुर्ची ओट्यावर भिंतीला लावलेली आणि माणूस आत खाटेवर. विचारले तर घरचे म्हणतात, “भाऊ, खुर्ची आणली, पण उपयोग होत नाही.” तो का होत नाही, ते पाहू.

खुर्ची कोणासाठी बनली?

लोखंडी घडीची खुर्ची १९३३ च्या सुमारास अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्ज या इंजिनियरांनी तयार केली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतील अपघाताने अपंग झाले होते. खुर्ची मोटारीत घडी करून ठेवता यावी, हा मुख्य हेतू. पुढे याच धर्तीच्या खुर्च्या दवाखान्यांतून रुळल्या. तेथे फरशी गुळगुळीत, मागून ढकलणारा कोणीतरी असतोच. आपल्या काळ्या मातीचा, ओट्याचा, उंबरठ्याचा विचार त्यात नाही.

माप माणसाचे घ्यावे

जू बैलाच्या खांद्याला बसले नाही तर खांदा सुजतो. खुर्चीचेही तसेच. बैठक कमरेच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंस जेमतेम बोटभर जास्त असावी. रुंद खुर्चीत माणूस एका अंगाला कलतो व हात चाकाला नीट पोहोचत नाहीत. बैठकीची पुढची कड व गुडघ्यामागची खाच यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे. पायपाट असा लावावा की मांडी पूर्ण बैठकीवर टेकेल. हातटेकू काढता येणारे घ्यावेत, म्हणजे खाटेवर सरकताना आड येत नाहीत.

आता चाकांचे. पुढची चाके लहान व अरुंद असली की मातीत रुततात. उसाच्या गाडीला लाकडी चाके जाऊन टायर आले, तेव्हा बैलांचे कष्ट किती कमी झाले ते आपणांस ठाऊक आहे. गावात फिरायचे तर पुढचे चाक मोठे व रुंद घ्यावे. मागच्या चाकाचा आस थोडा पुढे घेतला की खुर्ची हलकी वळते, पण फार पुढे घेतला तर गाडीसारखी उलार होते. फार मागे ठेवला तर भार पुढच्या चाकांवर येऊन ती रुततात. नव्या माणसाने आस मागेच ठेवावा, हात बसल्यावर जाणकाराकडून पुढे घ्यावा.

घराला काय करावे?

१) उतार : जितकी उंची, त्याच्या बारापट लांबी. ओटा दीड फूट असेल तर उतार अठरा फूट. जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवावा. वरून खरबरीत ठेवावा.

२) दार : मोकळी रुंदी तीन फुटांच्या आसपास असावी. उंबरठा काढावा किंवा दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार द्यावा.

३) खाट व संडासाची बैठक : दोन्ही खुर्चीच्या बैठकीच्या उंचीच्या असाव्यात. एक गुळगुळीत फळी मध्ये ठेवली की माणूस स्वतः सरकून जातो. संडासात भिंतीला पक्की दांडी व दार बाहेर उघडणारे. खुर्ची वळण्यास आत पाच फूट जागा मिळाली तर उत्तम.

४) स्वयंपाक : ओट्याखाली कपाट न करता गुडघे जातील अशी पोकळी ठेवावी. उंची सुमारे अडीच फूट. हातटेकूंवर आडवी फळी टाकली की त्यावर परात ठेवून पीठ मळता येते, भाजी निवडता येते. माठाला तोटी बसवावी. डबे खांद्याच्या खाली ठेवावेत. उकळते भांडे मांडीवर ठेवून कधीही नेऊ नये. मांडीला जाणीव नसेल तर भाजलेले कळत नाही.

५) बटणे : दिव्यांची बटणे व मोटारीचा स्टार्टर बसल्या हाताला येईल असा खाली घ्यावा. मोटार चालू-बंद करणारा माणूस घरात रिकामा राहत नाही.

हे विसरू नका

गादीशिवाय बसू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलावे किंवा पुढे-बाजूला झुकावे. रोज संध्याकाळी आरशात पाठीमागची कातडी पाहावी. लाल डाग गेला नाही तर तेथे भार देऊ नये व डॉक्टरांस दाखवावे. अशी जखम चिघळून जीव गेल्याची उदाहरणे आहेत. आणखी एक : आपल्याकडचे ऊन ४५ अंशांवर जाते. उन्हात ठेवलेल्या खुर्चीचे लोखंड हात व पाय भाजते.

खुर्चीवरून काय होते?

१९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. तरुणपणीच खुर्ची आलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प दिव्यांग तरुणांस निवासी राहून शिकण्याची सोय देतो.

शासकीय रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे. केंद्राच्या योजनेतून साहित्य मिळते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. उतारासाठी ग्रामसभेत तो मागावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शेवटी घरच्यांना सांगणे. मायेपोटी आपण सगळे हातात आणून देतो आणि माणूस आणखी बसतो. पाण्याचा पेला त्याला स्वतः घेऊ द्या, वेळ लागला तरी लागू द्या. एक उतार व एक तोटी, एवढ्यावर सुरुवात होते. मापे घेण्यास अडचण असेल तर गट कार्यालयात सांगावे. टेप घेऊन आम्ही येऊ.

— ऊसविकास अधिकारी, शेतकी खाते